संध्याकाळी चढणारा ताप

मला झालेल्या आजाराचं नाव ॲडल्ट-ऑनसेट स्टिल्स डिसीज, म्हणजे शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःवरच उलटल्याने मोठ्या माणसांना होणारा एक आजार. नाव सुरुवातीलाच सांगून टाकतो. ज्यांच्या घरात आत्ता कुणी आठवडेच्या आठवडे तापाने फणफणत पडलं आहे आणि ज्यांचा प्रत्येक रिपोर्ट निगेटिव्ह येतो आहे, त्यांच्या कानावर ते लवकर पडलेलं बरं. आमच्या घरात, वाड्यावर, नात्यागोत्यात हे नाव कुणीच ऐकलेलं नव्हतं. त्यात नवल नाही. परदेशातल्या अभ्यासांनुसार दहा लाख माणसांमागे वर्षाला दोन-चार नवे रुग्ण सापडतात. २०११च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या वर होती. तोच हिशेब इथे लावला तर अख्ख्या गोव्यात वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच रुग्ण निघतील.

आणि ताप? पावसाळ्यात ताप नसलेलं घर शोधावं लागतं. डेंगी, मलेरिया, चिकुनगुन्या, लेप्टो, टायफॉइड. म्हणून कुठलाही डॉक्टर या दुर्मीळ नावापासून सुरुवात करत नाही, आणि करूही नये. आधीची सगळी दारं ठोठावून झाल्यावरच या दारापाशी पोचायचं असतं. माझा तो प्रवास कसा झाला ते लिहितो.

मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या सावईवेऱ्याचा. आमचं कुळागर आहे: सुपारी, माड, थोडी मिरी, केळी. श्रावणात सुपारीवर बोर्डो मिश्रणाची दुसरी फवारणी चालू होती. रात्री देवळात भजन असायचं आणि मी गायला बसायचो. तेव्हा माझा घसा धरला. गिळताना कानापर्यंत कळ जायची. गाऊन धरला असेल असं सगळे म्हणाले, मलाही तसंच वाटलं. फोंड्याच्या आमच्या डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं. घसा लाल होता, पण पू नव्हता. गोळ्या झाल्या, गुळण्या झाल्या, घसा काही सुटला नाही. पुढे कळलं की या आजारात बऱ्याच जणांचं पहिलं लक्षण हेच असतं: घसा भयंकर दुखतो, त्यात जंतू सापडत नाहीत आणि अँटिबायोटिकने काही फरक पडत नाही. त्या वेळी मात्र ते एक साधं दुखणं होतं.

मग ताप सुरू झाला. सकाळी मी अगदी ठीक असायचो. चहा घ्यायचो, कुळागरात एक फेरी मारून यायचो. दुपार कलली की पाठीतून शिरशिरी यायची, मग दात वाजतील अशी थंडी, आणि दिवेलागणीला थर्मामीटर १०३च्या वर. रात्री दरदरून घाम सुटून ताप उतरायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, गावात येणाऱ्या शेवटच्या बसच्या वेळेसारखं ठरलेलं. आई म्हणाली, "हा पाळीचा ताप आहे रे, रक्त परत तपासून घे." तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मलेरियासाठी रक्त तपासलं, थंडी वाजत असतानाही घेतलं. परजीवी सापडले नाहीत. डेंगी निगेटिव्ह. तेवढ्यात मनगटं आणि गुडघे धरले. सुपारी कातरायला अडकित्ता मिटवता येईना, म्हणून चिकुनगुन्याची तपासणी झाली. तीही निगेटिव्ह.

इथे एक गोष्ट आमच्या डॉक्टरांच्या लक्षात आली, आणि मला वाटतं खरा माग तिथेच लागला. डेंगीत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट साधारणपणे खाली येतात. माझ्या दोन्ही वर चढत होत्या. पांढऱ्या पेशी अठरा हजारांच्या पुढे गेल्या होत्या आणि त्यात न्यूट्रोफिल जातीच्या पेशी नव्वद टक्क्यांच्या आसपास. ते म्हणाले, "हा साधा व्हायरल दिसत नाही. तुम्ही पाटाच्या पाण्यात उतरता, मातीत काम करता. लेप्टोचा विचार करायला हवा." लेप्टोमध्ये पांढऱ्या पेशी वाढू शकतात, लिव्हरचे आकडेही वाढतात, आणि माझे एसजीओटी-एसजीपीटी वाढलेच होते. उंदरांचं मूत्र मिसळलेल्या पाण्यातून हे जंतू पायांच्या चिरांतून शिरतात. पावसात आमच्या कुणाच्या पायांना चिरा नसतात? त्यांनी डॉक्सिसायक्लिन चालू केलं. त्याने स्क्रब टायफसही कव्हर होतो. तो झुडपांतल्या बारीक किड्याच्या चाव्यातून येतो आणि चाव्याच्या जागी कधीकधी काळसर खपली दिसते. त्यांनी मला पडद्याआड नेऊन काखा, जांघा, कमरेची घडी, सगळीकडे ती खपली शोधली. इतक्या बारकाईने मला याआधी कुणी तपासलं नव्हतं.

स्क्रब टायफस असेल तर डॉक्सिसायक्लिनने दोन-तीन दिवसांत ताप हटायला लागतो. माझा संध्याकाळचा ताप जागचा हलला नाही. औषध लागू न पडणं हाही एक पुरावा असतो, हे मी तेव्हा शिकलो.

मग बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात भरती झालो. एकदा सांगून झालेली हकीकत तिथे पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागली. कंटाळा यायचा, पण आज वाटतं की त्या पुन्हा पुन्हा विचारण्यातच अर्धं निदान होतं. कुठे गेला होता, कुठलं पाणी प्यालात, घरी गुरं आहेत का, कच्चं दूध पिता का. हा शेवटचा प्रश्न ब्रुसेलासाठी होता, तोही लांबलचक ताप आणतो. सासुरवाडी सत्तरी तालुक्यात म्हटल्यावर माकडतापाबद्दलही विचारलं. कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात १९५७मध्ये सापडलेला हा रोग २०१५ला सत्तरीत पसरला होता. पण त्याचा हंगाम कोरड्या दिवसांतला, आणि माझा ताप भर पावसातला. तरी त्यांनी तो प्रश्न सोडला नाही.

लांबलेल्या आणि कारण न सापडणाऱ्या तापाला वैद्यकशास्त्रात एक व्याख्या आहे. १९६१मध्ये पीटर्सडॉर्फ आणि बीसन या दोन अमेरिकन डॉक्टरांनी ती घालून दिली: ताप १०१च्या वर, तीन आठवड्यांहून जास्त काळ, आणि आठवडाभर इस्पितळात तपासूनही कारण कळलेलं नाही. अशा तापामागे साधारणपणे तीन घराणी निघतात: संसर्ग, कॅन्सर, आणि शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःवरच उलटल्याने होणारी सूज. आपल्याकडे पहिल्या घराण्यात टीबी सगळ्यांत पुढे असतो. तपासणीची दिशा ही अशी ठरते. आम्हा घरच्यांना मात्र रोज एक नवी भीती हाती यायची.

ब्लड कल्चर वेगवेगळ्या वेळी घेतले. हृदयाच्या झडपांवर जंतूंचं घर झालंय का ते पाहायला टू-डी एको केला. छातीचा आणि पोटाचा सीटी केला. मानेत आणि काखेत गाठी हाताला लागत होत्या, प्लीहा म्हणजे पाणथरीही थोडी मोठी दिसली. काखेतली एक गाठ काढून तपासायला पाठवली. लिम्फोमा असेल का, हा प्रश्न माझ्यासमोर कुणी मोठ्याने बोललं नाही, पण बायकोला तो समजला होता. ती डब्याचं झाकण उघडायची आणि तसंच बंद करायची. गाठीत कॅन्सर नव्हता, टीबीही नव्हता. पेशी नुसत्या चवताळलेल्या होत्या. रिपोर्टात त्याला 'रिॲक्टिव्ह' म्हणतात.

नात्यातल्या एकाने आग्रह धरला की टीबीचं औषध चालू करून टाका, फरक पडला तर टीबीच. हा सल्ला आपल्याकडे फार सहज दिला जातो, आणि तो देणाऱ्याच्या मनात काळजीच असते. पण माझ्या लिव्हरचे आकडे आधीच वर होते आणि टीबीची औषधं लिव्हरला जड जातात. वॉर्डातल्या मोठ्या डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, "पुरावा नसताना सहा महिन्यांचं औषध नको. पुरावा शोधूया." त्या वाक्याबद्दल मी त्यांचा कायमचा ऋणी आहे.

आता पुरळाबद्दल सांगतो, कारण या साऱ्या प्रकरणाचा गाभा तोच आहे.

घरी असतानाच बायकोला कधी कधी माझ्या पाठीवर फिकट गुलाबी-केशरी डाग दिसायचे. खाज जवळपास नव्हतीच. सकाळी डॉक्टरांकडे जाईपर्यंत अंग स्वच्छ. एकदा एका दवाखान्यात ते सांगितलं तर कागदावर 'अँटिबायोटिकची ॲलर्जी असावी' असं लिहिलं गेलं. इस्पितळातही राउंड सकाळचा. सकाळी माझ्या अंगावर काही नसायचं, तापही नसायचा. दंडावर सलाईनची सुई, बाकी माणूस धडधाकट. मोठे डॉक्टर ज्या वेळी मला बघत, त्या वेळी माझा आजार झोपलेला असायचा.

एका संध्याकाळी ताप चढत असताना बायकोने नाईट ड्युटीच्या डॉक्टर मुलीला बोलावून आणलं. वयाने लहान होती, चोवीस तास जागी असावी. तिने शर्ट वर करायला सांगितला, मोबाईलची बॅटरी लावली आणि बराच वेळ काही बोलली नाही. छातीवर, पोटावर, मांड्यांवर डाग होते. आपल्या सावळ्या कातडीवर ते पटकन उठून दिसत नाहीत, उजेड तिरका धरावा लागतो. कमरेला नाडी काचते तिथे डागांची सरळ रांग होती. तिने पाठीवर नखाने हलकी रेघ ओढली आणि थोड्या वेळाने परत येऊन पाहिलं. रेघेवर पुरळ उमटलं होतं. तिने विचारलं, "हे रोज येतं? तापाबरोबर? आणि तापाबरोबरच जातं?" बायको म्हणाली, "अहो डॉक्टर, मी पहिल्यापासून हेच सांगतेय." डॉक्टर म्हणाली, "ताई, उद्यापासून फोटो काढा. फोटोत घड्याळ येऊ द्या."

त्यानंतर ताप दर चार तासांनी मोजायचं ठरलं. ठरलेल्या वेळी पॅरासिटामॉल देणं थांबवलं, अगदी सोसवेना तेव्हाच द्यायचं. गोळीने ताप दाबला की त्याची वेळ कळत नाही. बायकोने माझ्या सुपारीच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर चार रकाने आखले: वेळ, ताप, पुरळ, सांधे. काही दिवसांतच ती पानं बघणाऱ्या कुणालाही दिसेल असं चित्र तयार झालं. दिवसातून एकदा, कधी दोनदा तापाचा कळस, मध्ये अगदी नॉर्मल, आणि प्रत्येक कळसाबरोबर पुरळ आणि सांधेदुखी. टीबीत किंवा लिम्फोमातही ताप संध्याकाळी चढू शकतो. पण ताप, पुरळ आणि सांधे असे तिन्ही एकमेकांचा हात धरून येणं आणि जाणं हे वेगळं होतं.

मोठ्या डॉक्टरांनी ती वही राउंडला मागून घेतली, फोटो मोठे करून पाहिले, आणि विद्यार्थ्यांकडे वळून निकष विचारायला सुरुवात केली. मीही ऐकत होतो. १९९२मध्ये जपानमधल्या यामागुची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेले हे निकष आजही वापरले जातात. मोठे चार: ३९ अंश सेल्सिअस, म्हणजे १०२च्या वरचा ताप निदान आठवडाभर, सांधेदुखी दोन आठवड्यांहून जास्त, ते विशिष्ट पुरळ, आणि पांढऱ्या पेशी दहा हजारांच्या वर, त्यांत ऐंशी टक्क्यांहून जास्त ग्रॅन्युलोसाइट. लहान चार: घसादुखी, सुजलेल्या गाठी किंवा वाढलेली प्लीहा, लिव्हरचे बिघडलेले आकडे, आणि संधिवातासारख्या आजारांसाठी करतात त्या रुमेटॉइड फॅक्टर व एएनए या दोन्ही रक्ततपासण्या निगेटिव्ह. एकूण पाच जमले पाहिजेत आणि त्यांत निदान दोन मोठे. पण सगळ्यांत महत्त्वाची अट त्यापुढे होती: संसर्ग, कॅन्सर आणि संधिवाताचे इतर आजार आधी खोडून काढलेले असले पाहिजेत. ती अट पाळली नाही तर हे निकष धोक्याचे आहेत, कारण लिम्फोमाही यातल्या बऱ्याच खुणा दाखवू शकतो. श्रावणातला माझा धरलेला घसा इतक्या दिवसांनी अखेर हिशेबात आला.

त्याच दिवशी फेरिटिनसाठी रक्त गेलं. फेरिटिन म्हणजे शरीरात लोह साठवून ठेवणारं प्रथिन. पुरुषांत ते साधारण तीनशे-चारशेच्या आत असतं. माझं नऊ हजारांच्या वर निघालं. घरच्यांना वाटलं, सापडला रोग! पण डॉक्टरांनी लगेच सावध केलं. फेरिटिन लिव्हरच्या आजारात वाढतं, मोठ्या संसर्गात वाढतं, काही कॅन्सरमध्येही वाढतं. पाचपटीहून जास्त वाढलं तर संशय बळावतो, पण नुसत्या त्या आकड्यावर हा आजार ठरत नाही. त्याचाच ग्लायकोसिलेटेड नावाचा एक भाग असतो. तो वीस टक्क्यांहून खाली गेला तर निदानाला जास्त बळ मिळतं, मात्र ही तपासणी सगळीकडे सहज होत नाही. उलट प्रोकॅल्सिटोनिन, जे वाढलं की आपण जंतुसंसर्ग समजतो, ते या आजारातही वाढलेलं सापडतं. एकाच कागदावर विसंबून चालत नाही ते यासाठी.

बोन मॅरोही झाला. कमरेच्या मागच्या हाडात सुई घालतात. जागा बधिर केलेली असते, पण आतला मगज ओढून घेतात तो क्षण बधिर होत नाही. कुणाला करायचा असेल तर घाबरवायला हे सांगत नाही. तो क्षण खरोखर क्षणच असतो. कॅन्सर नाही, टीबी नाही असं त्यातूनही आलं. त्याच नमुन्याचं टीबी कल्चर सहा-आठ आठवडे लावून ठेवतात, तेवढं बाकी राहिलं.

मॅरोमागे आणखी एक कारण होतं, ते नंतर समजलं. या आजारात संरक्षणव्यवस्थेतल्या काही पेशी इतक्या बेफाम होऊ शकतात की त्या स्वतःच्याच रक्तपेशी खायला लागतात. त्याला मॅक्रोफेज ॲक्टिव्हेशन सिंड्रोम म्हणतात आणि त्यात जीव जाऊ शकतो. त्याची चाहूल उलटी असते: वर चढलेल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट एकदम उतरतात, अंगातल्या सुजेचा अंदाज देणारा ईएसआरही घसरतो, आणि घरच्यांना वाटतं सुधारणा होतेय. येत-जात राहणारा ताप सलग राहायला लागतो. म्हणून माझे आकडे रोज तपासत होते. एकदा प्लेटलेट कमी आल्या तेव्हा मी खूश झालो आणि डॉक्टर गंभीर. पुन्हा रक्त घेतलं, तेव्हा त्या जागेवर होत्या. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांनी एवढं नक्की ध्यानात ठेवावं: आकडे उतरताना माणूस जास्त आजारी दिसत असेल, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं.

संधिवाताच्या डॉक्टरांनी सगळे कागद पाहिले आणि पहिल्यांदा आजाराचं नाव आमच्यासमोर उच्चारलं. लंडनचे डॉक्टर जॉर्ज स्टिल यांनी १८९७मध्ये हा आजार मुलांत नोंदवला. मोठ्या माणसांतही तो होतो हे १९७१मध्ये एरिक बायवॉटर्स यांनी चौदा रुग्णांच्या आधारे दाखवलं. तोवर असे किती जण 'कारण न कळलेला ताप' म्हणून गेले असतील, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

स्टिरॉइड सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बी तपासला, आणि जंताचं औषधही दिलं. मातीत अनवाणी वावरणाऱ्यांच्या आतड्यांत एक जंत वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो आणि स्टिरॉइडने तो बेकाबू होऊ शकतो. कुळागरवाल्या माणसाच्या बाबतीत हे ध्यानात ठेवलं गेलं याचं मला फार बरं वाटलं. मग वजनाच्या हिशेबाने प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड चालू झालं. पहिल्या दोन-तीन दिवसांतच संध्याकाळ कोरडी गेली. चार वाजले, पाच वाजले, दिवे लागले, आणि थंडी आली नाही. बायको थर्मामीटर धरून बसली होती. तिने वहीत ९८.४ लिहिलं आणि पुरळाच्या रकान्यात 'नाही'.

बोन मॅरोचं कल्चर पुढे निगेटिव्ह आलं. स्टिरॉइड हळूहळू उतरवण्यासाठी मेथोट्रेक्सेट जोडलं. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं, रोज नाही. ही चूक जिवावर बेतू शकते, म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरात दर मंगळवारी बायकोने खूण केली आहे. फॉलिक ॲसिडची गोळी वेगळ्या वारी. एवढ्याने भागलं नाही तर टोसिलिझुमॅबसारखी इंजेक्शनं असतात. माझ्यावर अजून ती वेळ आलेली नाही. काहींना हा आजार एकदाच येऊन कायमचा जातो, काहींना मधूनमधून उलटतो, काहींच्या सांध्यांत ठाण मांडून बसतो. मी यातला कुठला, हे काळच ठरवणार. डाव्या मनगटात सकाळी अजून ताठरपणा असतो.

या पावसाळ्यात पुन्हा एकदा ताप आला. घरात सगळे म्हणाले, तोच आला. मला मात्र डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं: ही औषधं चालू असताना ताप आला तर स्टिलचा म्हणून घरी स्टिरॉइड वाढवायचं नाही, आधी संसर्ग शोधायचा. औषधांनी माझी संरक्षणशक्ती कमी केलेली आहे आणि मी राहतो पाटाच्या पाण्याकाठी. त्याच संध्याकाळी फोंड्याला जाऊन रक्त दिलं. डेंगी पॉझिटिव्ह आला. पुरळाचा रकाना रिकामा होता आणि पांढऱ्या पेशी खाली होत्या. बांबोळीला फोन करून विचारलं, त्यांनी त्या आठवड्याचं मेथोट्रेक्सेट वगळायला सांगितलं आणि रोज प्लेटलेट तपासायला लावल्या. आता कुळागरात उतरताना गुडघ्यापर्यंतचे बूट घालतो, आणि माझ्याबरोबरच्या पाडेल्यांनाही, म्हणजे झाडावर चढून नारळ-सुपारी पाडणाऱ्यांनाही, तसेच आणून दिले आहेत.